कॉन्फरन्सला गेलेला माणूस

सायलीने कोडमधला एक किरकोळ बदल तपासणीसाठी पाठवला आणि चहाचा कप उचलला, तेवढ्यात स्क्रीनवर उत्तर आलं: ओवेसने मंजुरी दिली. नावाशेजारी त्याचा नखाएवढा गोल फोटो. फोटोत तो कुठल्याशा कॉन्फरन्सच्या बॅनरपुढे उभा होता आणि हसावं की नाही हे न ठरल्यासारखा हसत होता. खाली रस्त्यावर भंगारवाल्याची रेकॉर्ड केलेली आरोळी चालली होती, शेजारच्या गॅलरीत कुणीतरी गाद्या झटकत होतं, इंदिरानगरातली कुठलीही सकाळ असावी तशीच ती सकाळ होती. कप तिच्या हातातच राहिला. ओवेस जाऊन सहा महिने होत आले होते.

कारण तिला लगेच कळलं. त्यात गूढ काही नव्हतं. बारीकसारीक मंजुऱ्या देत बसण्याचा ओवेसला कंटाळा यायचा, म्हणून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहून ठेवला होता. चाचण्या पास झाल्या की तो त्याच्या नावाने आपोआप ‘हो’ म्हणायचा. मधल्या काळात तो सर्व्हर बंद होता, काल कुणीतरी तो पुन्हा चालू केला असणार. ओवेसचं खातं बंद करणं हे खरं तर तिचंच काम होतं. ऑफिसातून दोनदा आठवणही आली होती आणि दोन्ही वेळा तिने ‘या आठवड्यात करते’ असं लिहिलं होतं. एक बटण दाबायचं, ‘नक्की का?’ असं विचारलं की पुन्हा दाबायचं. तेवढंच. माणूस गेल्यावर घरच्यांना काही ना काही करायला असतं, लोक येतात, स्वयंपाक दुसऱ्यांच्या घरून येतो, कुणी ना कुणी रडायला लागलं की आपल्यालाही रडता येतं. सहकाऱ्याला काय असतं? तिला ती बातमी मीटिंग चालू असताना स्क्रीनच्या कोपऱ्यात उमटलेल्या चार ओळींतून कळली होती. पेठ रोडला, सावळघाटात, गाडीला अपघात. जागेवरच. ती तेव्हा बोलत होती आणि तिने ते वाक्य पूर्ण केलं होतं. ते वाक्य कशाबद्दल होतं ते तिला आजही आठवत होतं, आणि आपण ते पूर्ण का केलं हे कळत नव्हतं. संध्याकाळी सार्थक, तिचा नवरा, म्हणाला होता, “वाईट झालं गं. तुमच्या पुण्याच्या ऑफिसातला का?” ओवेस नाशिकचाच आहे, वडाळा रोडला राहतो, बारा वर्षं आपण एकत्र काम करतोय, हे सगळं तिने सार्थकला कित्येकदा सांगितलं होतं. त्या दिवशी तिने पुन्हा सांगितलं नाही.

बारा वर्षं. आणि एकाच शहरात राहून दोघं एकमेकांच्या घरी कधी गेले नव्हते. भेट व्हायची ती कानातल्या आवाजांची, नाहीतर दूरच्या शहरांत. काम होतं शीतगृहांचं. पिंपळगावची द्राक्षं, लासलगावकडचा कांदा, कुठे लशी, कुठे दूध. प्रत्येक शीतगृहात एक मशीन तापमान नोंदवत बसलेलं, आणि गावोगावच्या या सगळ्या मशीनांनी मिळून एकच खरं काय ते ठरवायचं. नेट गेलं तरी गावातलं मशीन आपापलं चालत राहिलं पाहिजे, आणि नेट आलं की मधल्या काळात काय काय झालं ते बाकीच्यांशी जुळवून घेतलं पाहिजे. हे जुळवून घेणं हेच त्यांचं खरं काम. कारण नेट नसताना दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी खऱ्या होऊन बसलेल्या असतात, आणि दोन्ही मशीन आपापल्या जागी प्रामाणिक असतात. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सार्थकच्या आईने तिचा ‘सॉफ्टवेअर आर्किटेक्ट’ हा हुद्दा ऐकून विचारलं होतं, “तू आर्किटेक्ट म्हणजे बंगले काढतेस का?” आणि ती हसून नाही म्हणाली होती, पण मग काय करतेस हे काही तिला धड सांगता आलं नव्हतं. ते फक्त ओवेसपाशी सांगायला लागायचं नाही.

खातं तिने त्याही दिवशी बंद केलं नाही. दुपारी पायलचा फोन आला. पायल नाशिकच्या डेव्हलपर मंडळींचा गट चालवायची. तरुण, उत्साही, आणि फोनवर नेहमी चालता चालता बोलणारी. शनिवारी महामार्गालगतच्या एका हॉटेलात त्यांची वार्षिक कॉन्फरन्स होती.

“मॅम, ओवेस सरांनी मागच्या वर्षीच शब्द दिला होता आम्हाला. ‘गप्प बसलेलं मशीन’, मराठीतून. आता... म्हणजे आम्हाला असं वाटतंय की ते भाषण कुणीतरी करावं. तुम्ही कराल का?”

“माझं स्वतःचं काहीतरी करते ना.”

“नाही मॅम, त्यांचंच करा. त्यांच्याच स्लाइड्स. आम्ही घरच्यांनाही बोलावलंय. शाझिया मॅम येते म्हणाल्यात.”

शाझियाला सायलीने एकदाच पाहिलं होतं, त्या बातमीनंतर तिसऱ्या दिवशी. वडाळा रोडच्या त्या घरात बायका भिंतीकडेने बसल्या होत्या, मध्ये पांढरी चादर, कुणीतरी हलक्या आवाजात पढत होतं. सायली दाराजवळ बसली. शेजारच्या म्हातारीने विचारलं, “कौन?” आणि ती म्हणाली, “ऑफिससे.” तो शब्द तिला तेव्हा फार लहान वाटला होता. शाझियाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं, बराच वेळ, आणि मग पुन्हा खाली घातली होती. दुःखात माणसं अशीच बघतात असं समजून सायलीने ती नजर मनातून काढून टाकली होती.

शनिवारी हॉटेलात शिरताना तिला आधी तो वास आला. सगळ्या कॉन्फरन्सांना एकच वास असतो. नव्या गालिच्याचा, मशीनच्या कॉफीचा, आणि आतून कुठून तरी येणाऱ्या पनीरच्या भाजीचा. दारात गळ्यात अडकवायचे पट्टे, फुकटचे टी-शर्ट, लॅपटॉपवर लावायचे स्टिकर. हैदराबाद, बंगळुरू, कोची, सगळीकडे हेच. सगळीकडे सुरुवातीला तोच प्रश्न, ‘हे कोणाकोणाला माहीत आहे, हात वर करा’, आणि सगळीकडे तेच अर्धवट वर गेलेले हात. लोक स्लाइडचे फोटो काढतात, ते पुन्हा कधीच बघत नाहीत. स्टेजवर यशाच्या गोष्टी चालतात, आणि बाहेर चहापाशी तीच माणसं आपलं काय काय कोसळलं ते एकमेकांना सांगतात. ओवेस म्हणायचा, “आतलं सगळं खोटं आणि बाहेरचं सगळं खरं. तू चहाला जास्त वेळ थांबत जा.” ती थांबायची. कोचीला एकदा ते दोघं चहाच्या टेबलापाशी इतका वेळ उभे होते की मागे खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. तेव्हा तो अचानक म्हणाला होता, “सायली, तुला कधी असं वाटतं का, की कुणालाच काही कळवायचं नाही? म्हणजे वाईट काही नाही. नुसतं कळवायचं नाही.” तिने विचारलं, “म्हणजे कसं?” तर तो म्हणाला, “सोड,” आणि परतीच्या विमानाचं काहीतरी बोलू लागला. तो गेल्यावर या वाक्याशी ती पुष्कळदा येऊन थांबली होती. तेव्हा अजून एकदा विचारायला हवं होतं का? पण एखादा ‘सोड’ म्हणाला की सोडायचं, त्यांची मैत्री त्यावरच तर चालली होती.

शाझिया शेवटच्या रांगेत कडेला बसली होती. फिकट करड्या रंगाचा पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. स्टेजवरून सायलीला ती आधी दिसली आणि बाकीचं सभागृह मग. पहिली स्लाइड लागली. त्यावर ओवेसचं नाव तसंच होतं. पायलने ते काढलं नव्हतं.

तिने बोलायला सुरुवात केली. शब्द ओवेसचे होते, तिला पाठ होते. दूरच्या एका मशीनला तुम्ही हाक मारलीत आणि उत्तर आलं नाही. तर ते बंद पडलंय, की नुसतं कामात आहे, की मधली वाटच तुटलीय, हे इथे बसून कधीच कळत नाही. कधीच नाही. तुम्ही फक्त किती वेळ थांबायचं ते ठरवू शकता. इथे ओवेस नेहमी थांबायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, “आणि तेवढा वेळ झाला, की ते मेलं असं धरून पुढे जायचं.” लोक हसायचे. सायली त्या वाक्यापाशी आली आणि तिला ते म्हणता आलं नाही. तिने ग्लास उचलला, पाणी प्यायलं, आणि पुढची स्लाइड लावली. कुणाला काही कळलं नाही. टाळ्या नेहमीसारख्याच झाल्या, मग सगळे उभे राहिले, आणि पायलने ओवेसचा तो बॅनरपुढचा फोटो मोठा करून पडद्यावर लावला. इतका मोठा केल्यावर त्यातलं हसू अजिबातच हसू वाटत नव्हतं.

जेवणाच्या वेळी शाझिया तिच्याकडे आली. आसपास लोक ताटं घेऊन फिरत होते.

“मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलंच नाही,” ती म्हणाली. तिचं मराठी स्वच्छ होतं. ती शाळेत विज्ञान शिकवायची एवढं सायलीला माहीत होतं. “घरी फार बोलायचे नाहीत ते. तुम्ही बोलत होतात ते त्यांचंच होतं ना?”

“सगळं त्यांचंच, भाभी.”

“इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढले, ते संपल्यापासून शाळा आणि घर, बास. आज पहिल्यांदा अशी बाहेर पडलेय. सासूबाई म्हणाल्या, कशाला जातेस. पण मला तुम्हाला भेटायचं होतं.” तिने आसपास पाहिलं. “आपण जरा बाहेर बसू या का?”

हॉटेलच्या मागे एक हिरवळ होती. रात्रीच्या लग्नासाठी माणसं तिथे मांडव बांधत होती. दोघी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. शाझियाने पर्स उघडली, बंद केली.

“त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

“कोणत्या दिवशी?” सायलीने विचारलं, आणि विचारतानाच तिला कळलं. “घरी होते. मीटिंग चालू होती. तिथेच कळलं मला.”

“पुण्याची कॉन्फरन्स नव्हती?”

“पुण्याची? नाही. कोणती?”

शाझिया तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तीच नजर. सायलीला ती आता ओळखू आली, आणि ती दुःखाची नव्हती हेही कळलं.

“मला सांगून गेले होते, पुण्याला कॉन्फरन्स आहे, दोन दिवस. मीच डबा दिला. तुमचंही नाव घेतलं. म्हणाले, सायलीपण आहे. आणि गाडी सापडली पेठ रोडला. पुणं कुठे, पेठ कुठे! घरात कुणी हा विषय काढत नाही. जेठ म्हणाले, झालं ते झालं, गेलेल्या माणसाबद्दल असं विचारायचं नसतं. पण मी विचारणार नाही तर कोण विचारणार?”

“आम्हाला तर...” सायलीला आपला आवाज दुरून आल्यासारखा वाटला. “आम्हाला त्याने रजा टाकताना सांगितलं होतं, तुमच्या मामांकडे धरमपूरला कार्यक्रम आहे. म्हणून तो त्या रस्त्याला होता, असंच आम्ही समजत होतो.”

“धरमपूरला माझं कुणी नाही.”

मांडववाल्यांनी एक खांब उभा केला, तो तिरका झाला, पुन्हा आडवा केला. सायली तिकडे पाहत राहिली. ऑफिसला एक सांगितलेलं, घराला एक सांगितलेलं, आणि दोघांनी आपापल्या जागी ते खरं धरलेलं. ती ऑफिसच्या बाजूने निश्चिंत होती, कारण घरच्यांना माहीत असणार. ही घरी जळत होती, कारण ऑफिसातल्या बाईला माहीत असणार. सहा महिने. एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

“मला वाटलं, तुम्ही होतात,” शाझिया म्हणाली. तिने ते इतकं सरळ म्हटलं, की सायलीला क्षणभर अर्थच लागला नाही. “त्यांच्याबरोबर. त्या दिवशी नाही, तरी आधी. इतक्या कॉन्फरन्स. हैदराबाद काय, कोची काय. घरी माणूस बोलत नाही, म्हणजे कुठेतरी बोलत असेल ना? आत्ता तुम्ही बोलत होतात तेव्हाही मी तेच बघत होते, की तुमच्या तोंडावर काही दिसतंय का.”

“नाही हो, भाभी. तसं कधीच काही नव्हतं.”

“कळलं मला. आत्ता विचारलं ना, तेव्हाच कळलं. तुम्ही माझ्याइतक्याच आंधळ्या आहात.”

सायलीला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला जे वाटलं त्याची तिला शरम वाटली. ‘सायलीपण आहे.’ त्याने आपलं नाव घेतलं होतं. आपण त्याचा बहाणा होतो, आणि आपल्याला ते माहीतही नव्हतं. मग कुणासाठी? कुणासाठी तो मला सांगत होता की कार्यक्रम आहे? हा प्रश्न शाझियाचा होता, बायकोने विचारायचा होता, आणि तो आपल्या छातीत इतका जोरात का आदळावा, हे तिला बघायचं नव्हतं. तिला आठवलं, मागच्या दोन-तीन वर्षांत कितीदा तरी तो ‘घरी काम आहे’ म्हणून कॉन्फरन्सला आला नव्हता. तिने न विचारताच शाझियाला ते सांगितलं. हैदराबाद सांगितलं, बंगळुरू सांगितलं. शाझिया प्रत्येक नावाला मान हलवत होती. “गेले होते. बॅग मी भरली होती,” ती म्हणाली. “येताना करवंदं आणली होती एकदा. मी म्हटलं, हैदराबादला करवंदं? तर म्हणाले, रस्त्यात मिळाली.”

“मला ती जागा बघायचीय,” थोड्या वेळाने शाझिया म्हणाली. “कुणी नेत नाही मला. तुमच्याकडे गाडी आहे ना?”

आत दुपारचं सत्र सुरू झालं होतं. सायलीने पायलला खुणेने सांगितलं आणि दोघी निघाल्या.

द्वारका, पंचवटी, पेठ नाका. शहर संपलं. रामशेजचा डोंगर उजव्या अंगाला आला आणि मागे पडला. द्राक्षांच्या बागा कागदाच्या पिशव्यांनी झाकलेल्या, मधूनच फवारणीचा ट्रॅक्टर, मग हळूहळू बागा विरळ झाल्या आणि फेब्रुवारीतली ती वाळलेली, तांबडी टेकाडं सुरू झाली. सायलीला वाटत होतं, हा रस्ता ओवेसने किती वेळा धरला असेल आणि त्या त्या वेळी मी काय करत असेन. एखाद्या वेळी कानाला हेडफोन लावून कुणाला तरी म्हणत असेन, ओवेस आज नाहीये, घरी कार्यक्रम आहे. पुढे काय निघणार याची ती मनातल्या मनात तयारी करत होती. एखादं घर. एखादी बाई, कदाचित एखादं मूल. पेठला नाहीतर पुढे. शाझियाने काच खाली केली होती आणि वाऱ्याने ओढणी सरकत होती, ती सारखी सारखी सावरत होती. तीही हीच तयारी करत असणार.

घाट उतरायला लागण्याआधी एका वळणावर कुडाची भिंत आणि पत्र्याचं छप्पर असलेलं चहाचं दुकान होतं. त्याच्या पुढच्या वळणावरचा कठडा नव्याने बांधलेला दिसत होता, जुन्या काळपट दगडांत सिमेंटचा उजळ तुकडा. सायलीने गाडी लावली. शाझिया त्या कठड्यापाशी गेली, हात लावला, खाली पाहिलं. खाली साग होते, पानं गळालेले. ती रडली नाही. परत आली आणि दुकानापुढच्या बाकावर बसली.

दुकानवाली बाई वयस्क होती, चिमणाबाई. तिने न विचारता दोन चहा टाकले. शाझियाने मोबाइलवर फोटो काढून तिच्यापुढे धरला. “यांना कधी बघितलंय का?”

चिमणाबाईने फोन लांब धरला, जवळ धरला. “हा... हा तर गेला ना. तथंच.” तिने वळणाकडे हात केला. “तुमचा कोन?”

“मालक.”

चुलीवरचं पातेलं उतरवून तिने फडक्याला हात पुसले. “यायचा. मधून मधून यायचा. सकाळचा येन, हितं बसन, नायतर तिकडं झाडाखाली. सांजच्याला जायाचा.”

“बरोबर कोण असायचं?” शाझियाने विचारलं.

“कोनी नाय. एकलाच.”

“कुणी भेटायला यायचं?”

“नाय बाई. कोन येतं हितं? फोन बी नाय करायचा, गाडीतच ठेवायचा. बोलायचा नाय फार. मला वाटलं, घरी कोनी नसंल बिचाऱ्याला. इचारलं म्या येकदा.”

“मग?”

“हायेत, म्हनला. समदी हायेत.” चिमणाबाईने चहा गाळला. “चांगली हायेत, म्हनला. लय चांगली.”

शाझियाने कप घेतला आणि तो दोन्ही हातांत धरून ती बसून राहिली. चहावर साय धरली. एक ट्रक घाट चढत होता, त्याचं कण्हणं बराच वेळ जवळ येत राहिलं, मग तो समोरून गेला, आणि पुन्हा सगळं शांत. सायलीने झाडाकडे पाहिलं. आंब्याचं झाड, मोहर आलेलं, खाली दोन दगड. तिथे विशेष काही नव्हतं. तिथून दरी दिसत होती, पण तीही काही मोठी पाहण्यासारखी नव्हती. माणूस काय करत असेल इथे दिवसभर? काही करत नसेल. एवढ्यासाठी त्याने पुणं रचलं, हैदराबाद रचलं, धरमपूरचे मामा रचले. बायकोला कंटाळला म्हणून ऑफिसची बाई, असं तरी असतं. किंवा कामाला कंटाळला म्हणून घर. त्याला यातलं काहीच नको होतं. आणि त्या नको असलेल्यांत मीही होते, सायलीला वाटलं. चहाच्या टेबलापाशीसुद्धा. मी समजत होते की बाहेरचं ते खरं.

“बाई असती तर बरं झालं असतं,” शाझिया एकाएकी म्हणाली. “खरंच. मी भांडले असते तिच्याशी. केस धरले असते तिचे. हे कुणाशी भांडू?” तिचा आवाज चढला आणि तिथेच तुटला. मग ती रडली. मोठ्याने, तोंडावर ओढणी न घेता. चिमणाबाई येऊन तिच्या शेजारी बसली, पाठीवर हात ठेवून. सायली उभीच राहिली. आपणही बसावं असं तिला वाटत होतं, पण बाकावर जागा नव्हती.

परत येताना उन्हं उतरली होती. बागांवर पिवळा उजेड पडला होता. पेठ नाक्याच्या अलीकडे शाझिया म्हणाली, “मुलं मोठी होतील, विचारतील. अब्बा तिकडे कशाला गेले होते?”

“हो.”

“कामाला गेले होते म्हणून सांगेन. पेठला एखादं शीतगृह बघायला.” तिने सायलीकडे पाहिलं नाही. “चालेल ना? तुम्हाला कुणी विचारलं, तर तुम्हीपण हेच सांगा. दोघींचं एक असलं पाहिजे.”

“पेठला शीतगृह नाहीये, भाभी.”

“मग होणार होतं म्हणा.”

“होणार होतं,” सायली म्हणाली. “जागा बघायला गेला होता.”

“हां. जागा बघायला.”

वडाळा रोडला घरापाशी शाझिया उतरली. वरच्या खिडकीतून एका मुलीने हाक मारली, शाझियाने हात वर केला, आणि चेहऱ्यावरून एकदा ओढणी फिरवून ती जिना चढून गेली. सायलीने गाडी वळवली. घर इथून हाकेच्या अंतरावर. सार्थक आला असेल, टीव्ही लावून बसला असेल, विचारेल, कशी झाली कॉन्फरन्स, आणि ती म्हणेल, छान झाली. तो चांगला माणूस होता. विचारायचा तरी. महामार्गाखालच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर घराकडे वळायचं, तर ती सरळ गेली. का गेली ते तिला सांगता आलं नसतं. जॉगिंग ट्रॅकच्या कडेला, एका बंद टपरीजवळ तिने गाडी थांबवली. ट्रॅकवर माणसं फिरत होती, कुणी ओळखीचं नव्हतं.

फोन वाजला. सार्थक. ‘कुठपर्यंत?’ तिने लिहिलं, ‘कॉन्फरन्स लांबलीय. पायलने थांबवून घेतलंय. तू जेवून घे.’ पाठवलं. लगेच अंगठा आला. इतकं सोपं होतं ते, की तिला आधी खरंच वाटेना. ती स्क्रीनकडे बघत राहिली. आता पुन्हा लिहिता येईल, निघाले म्हणून, दोन मिनिटांत घरी पोचता येईल. तिने फोन बंद केला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला.

काचा वर केल्यावर बाहेरचा आवाज थांबला. सुरुवातीला भीती वाटली, कुणी बघेल, कुणी काचेवर टकटक करेल, अशी. मग तीही गेली. हात मांडीवर पडले होते, ते कुणा दुसऱ्याचे असावेत तसे जड आणि स्वस्थ. ओवेससाठी आता तरी रडू येईल अशी ती वाट पाहत राहिली. आलं नाही. बाहेर दिवे लागले, फिरणारी माणसं कमी कमी होत गेली. आणि तिच्या हळूहळू लक्षात आलं, की तिला कुणाचीच आठवण येत नव्हती.